खांब कोणी दिला?

१९९८ च्या मे महिन्यात माझ्या प्रबंधाच्या प्रती बांधून आल्या. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं, आत साडेतीनशे पानं. त्यातली एक पिशवीत घालून मी संध्याकाळच्या एसटीने देवगावला आलो. थोरली आक्का माहेरपणाला आलेली होती. मी शहरात शिकत होतो त्या वर्षांत, तिचं लग्न होईपर्यंत, आक्काने दर हंगामाला दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचला आणि वेचणीच्या पैशातून माझी खाणावळ भागवली. तिला वाचता येत नाही. तिने प्रत मांडीवर घेतली, सोनेरी अक्षरांवरून हात फिरवला आणि म्हणाली, “माझं नाव कुठं हाय ह्यात? बोट ठेव.”

मी ऋणनिर्देशाचं पान काढलं. दोन पानांच्या त्या मजकुरात मार्गदर्शक होते, कुलगुरू होते, संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य आणि दोन ग्रंथालयांचे ग्रंथपाल होते. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात ‘कुटुंबीय’ असा एक शब्द होता. त्या शब्दावर मी बोट ठेवलं.

“एवढंच?” आक्का म्हणाली. “लईच बारीक हाय.”

खरं सांगायचं तर त्या पानातलं मी फारसं काही लिहिलेलंच नव्हतं. प्रबंध सादर करायची तारीख दोन दिवसांवर आली होती. डीटीपीवाल्याने विचारलं, “सर, ऋणनिर्देश टाकू का, आपला नेहमीचा?” त्याच्या कॉम्प्युटरमध्ये तशी फाईल तयार होती. नावं बदलली की काम झालं. त्याने नावं बदलली, एक ओळ मात्र बदलायची राहिली. त्यामुळे संसाराची जबाबदारी एकटीने पेलून मला लिखाणाला मोकळीक दिल्याबद्दल माझ्या प्रबंधात माझ्या पत्नीचे आभार मानलेले आहेत. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. व्हायवाला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी मनापासून विचारलेला प्रश्न तेवढा एकच.

ही पुस्तिका लिहायची बुद्धी झाली ती या दोन प्रसंगांमुळे. तेव्हापासून कुठलाही प्रबंध हातात आला की मी आधी ऋणनिर्देश वाचतो. पूर्वी त्यासाठी ग्रंथालयात जाऊन कपाटं उघडून घ्यावी लागत. आता गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचं भांडार उघडं ठेवलं आहे. तिथे प्रबंध तुकड्यातुकड्यांनी चढवलेले असतात. शीर्षकपान वेगळं, प्रतिज्ञापत्र वेगळं, ऋणनिर्देशही बहुधा वेगळाच. घरबसल्या शेकडो वाचता येतात. मी वाचले. पन्नासेक वाचून झाल्यावर एकाच माणसाने ते लिहिलेत की काय, असं वाटायला लागतं.

‘अमूल्य मार्गदर्शन’, ‘मोलाचे सहकार्य’, ‘वेळोवेळी प्रोत्साहन’, ‘ज्ञात-अज्ञात व्यक्ती’, ‘प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मदत’. आणि सगळ्यांचा शेवट ठरलेला : आभार मानून उतराई होण्यापेक्षा त्यांच्या ऋणातच राहणे मी पसंत करतो. हे शेवटचं वाक्य पहिल्यांदा ज्याने लिहिलं तो खरंच हळवा झालेला असणार. आता ते फेडायची इच्छा नसलेल्या माणसाच्या वाक्यासारखं ऐकू येतं. आमच्या गावात कुणी सावकाराला असं सांगून बघावं.

सावकाराचं नाव मुद्दाम घेतलं. ऋण हा शब्द गावात कुणी वापरत नाही, उसनवारी म्हणतात. पण उसनवारीची रीत पक्की असते. कुणाकडून, किती, कशासाठी. पायलीभर ज्वारी आणली तर पायलीभर ज्वारीच लक्षात ठेवायची, ‘मोलाचे धान्य’ म्हणून नाही. आणि ‘निर्देश’ शब्दाचा अर्थ तर सरळ आहे : बोट दाखवणे. म्हणजे ऋणनिर्देशात काय असायला हवं ते आक्काने दोन शब्दांत सांगितलेलं होतं. त्या अर्थाने पाहिलं तर आपल्या बहुतेक प्रबंधांत आभार असतात, ऋणनिर्देश नसतो.

मराठीतला सगळ्यात नेमका ऋणनिर्देश कोणी लिहिला, असं मला विचारलं तर माझं उत्तर गावकीच्या अभिमानाचं वाटेल, पण ते तसं नाही. तो आमच्या देवगावात जन्मलेल्या मुलीने लिहिला आहे. संत बहिणाबाई. (जळगावच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, अडीचशे वर्षांनंतरच्या. एका प्रबंधात मी दोघींचं एकच चरित्र झालेलं पाहिलं आहे.) या बहिणाबाईंचा जन्म १६२८ च्या सुमारास देवगावच्या कुलकर्ण्यांच्या घरी झाला. १७०० मध्ये त्या गेल्या आणि त्यांची समाधी जवळच, वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला आहे. वारकरी संप्रदायाला इमारतीची उपमा देणारा त्यांचा अभंग माहीत नाही असा मराठी माणूस नसेल. ज्ञानदेवांनी पाया घातला. नामदेवांनी आवार उभं केलं. एकनाथांनी भागवताचा खांब दिला. तुकोबा कळस झाले. आणि स्वतः बहिणा? ती वर फडकणारी ध्वजा.

हा अभंग भक्तीचा म्हणून आपण गातो. एकदा तो प्रबंधाच्या नजरेने वाचून पाहा. चौघांची नावं आहेत आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं काम आहे. कुणालाही ‘अमूल्य’ म्हटलेलं नाही. पाया घालणाऱ्याला खांबाचं श्रेय गेलेलं नाही. एकनाथांच्या नावापुढे त्यांचा ग्रंथ आहे, म्हणजे संदर्भही दिलेला आहे. शेवटी स्वतःची जागा सांगितली आहे, तीही खोट्या विनयाने नव्हे. ध्वजा कळसाच्याही वर असते, पण इमारतीचा भार तिच्यावर नसतो आणि ती वाऱ्याशिवाय हलत नाही. संशोधकाची जागा याहून बरी मला तरी सांगता आलेली नाही.

बहिणाबाईंचं आत्मनिवेदनही या दृष्टीने वाचण्यासारखं आहे. लहानपणीच बिजवराशी लग्न, मग कुटुंबाची वणवण, कोल्हापूरचा मुक्काम. तिथे एक वासरू त्यांच्या मागे मागे कीर्तनाला यायचं. त्या वासराला त्या विसरलेल्या नाहीत. नवऱ्याने मारलं, बांधून घातलं, तेही लिहिलं आहे. पुढे तोच नवरा बदलला आणि दोघं देहूला गेली, तेही. ज्याच्यामुळे आपण इथवर आलो त्याचं आणि जो आडवा आला त्याचंही नाव घ्यायचं, इतका सच्चेपणा प्रबंधाच्या त्या पानात मी क्वचितच पाहिला. आमच्या विद्यार्थिनी लिहितात, “सासू-सासऱ्यांनी मला शिक्षणाची परवानगी दिली.” त्या ‘परवानगी’ शब्दात किती वर्षांची घुसमट दडलेली असते ते मार्गदर्शकाला ठाऊक असतं. ती ओळ लिहू नये असं मी म्हणत नाही. पण ज्या जावेने त्या परीक्षांच्या दिवसांत दोन्ही घरच्या भाकरी थापल्या, तिचं नाव त्याच ओळीत का येत नाही, एवढंच विचारतो.

वासरावरून आठवलं. माझ्याकडच्या एका विद्यार्थ्याने ऋणनिर्देशाच्या कच्च्या प्रतीत म्हशीचे आभार मानले होते. दुधाच्या पैशावर त्याची फी भरली गेली होती. मी ती ओळ खोडली. “व्हायवाला हसतील,” असं म्हणालो. ती मी खोडायला नको होती. अमेरिकेतल्या जॅक हेदरिंग्टन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये आपल्या मांजराला एका नामांकित नियतकालिकातल्या शोधनिबंधाचं सहलेखक करून टाकलं होतं, टोपणनाव देऊन. त्या मांजराने काही केलेलं नव्हतं. म्हशीने दोन्ही वेळचं दूध दिलं होतं.

आमच्या कन्नड तालुक्यात नावासकट ऋण नोंदवण्याची परंपरा बहिणाबाईंच्याही कितीतरी मागे जाते. गौताळ्याच्या जंगलात पितळखोऱ्याची लेणी आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी. वेरूळ-अजिंठ्याच्या गर्दीत तिकडे फारसं कुणी जात नाही. तिथल्या खांबांवर ब्राह्मीत दात्यांची नावं कोरलेली आहेत. एका खांबाचं दान पैठणच्या मितदेवाचं आहे. तो गंधिक घराण्यातला, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणारा. तिथेच सापडलेली आणि आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेली एक यक्षमूर्ती आहे, ठेंगणी, हसरी. तिच्या हातावर ती घडवणाऱ्याचं नाव आहे. कान्हदास, धंद्याने सोनार. पैसा देणारा वेगळा, हात चालवणारा वेगळा आणि दोघांचीही नावं दगडात. बहिणाबाईंनी पितळखोरं पाहिलं असण्याचं काही कारण नाही. पण पैठणच्या माणसाने खांब दिला, हे वाक्य दोनदा लिहिलं गेलं, एकदा या तालुक्यातल्या दगडावर आणि एकदा या तालुक्यात जन्मलेल्या मुलीच्या अभंगात, याची मला फार मौज वाटते.

प्राध्यापक मंडळी म्हणतील की हे दूरचं झालं, ग्रंथाचं काही सांगा. तर ज्ञानेश्वरीचा शेवट पाहा. शके १२१२ हे वर्ष दिलं आहे, कर्त्याचं नाव आहे आणि सच्चिदानंदबाबा हे लेखक झाले, म्हणजे सांगितलेलं त्यांनी उतरवून घेतलं, अशी नोंद आहे. आजच्या भाषेत टंकलेखक. आमच्या प्रबंधांत टंकलेखक शेवटच्या ओळीत येतो, ‘सुबक व वेळेत’ या दोन विशेषणांसह, बहुतेकदा ती ओळ त्यानेच टाइप केलेली असते. शके १५०६ मध्ये एकनाथांनी पैठणला ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, तेव्हा त्यांनीही आपलं काम किती ते सांगून ठेवलं. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठ बिघडले होते, ते मी नीट केले. याहून जास्त श्रेय त्यांनी घेतलेलं नाही.

अलीकडचा नमुना हवा असेल तर बाबासाहेब आंबेडकरांचा घ्या. लंडन विद्यापीठाच्या डी.एस्सी.साठी लिहिलेला त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने आला. प्रस्तावनेच्या शेवटी त्यांनी आपले शिक्षक एडविन कॅनन यांचं ऋण मान्य केलं आहे. कसं, ते महत्त्वाचं. कॅननांनी काम बारकाईने तपासलं, सैद्धांतिक भागाची कठोर परीक्षा घेतली आणि त्यामुळे आपण कित्येक चुकांतून वाचलो, असं ते सांगतात. आणि मतांची जबाबदारी मात्र कॅननांची नाही, माझी, हेही तिथेच. गंमत म्हणजे त्याच पुस्तकाला कॅननांनी लिहिलेल्या प्रास्ताविकात त्यांनी विद्यार्थ्याशी आपले मतभेद मोकळेपणाने नोंदवले. गुरू-शिष्य दोघंही एकाच पुस्तकात असे ताठ उभे. शेवटी विल्सन कॉलेजचे प्रा. वाडिया येतात. त्यांनी मुद्रितं तपासली. हे काम रूक्ष असतं हे बाबासाहेबांनी लपवलेलं नाही, आणि ते वाडियांनी आनंदाने केलं हेही. अर्पणपत्रिका आईवडिलांना आहे आणि तिथेही कारण आहे : शिक्षणासाठी त्यांनी सोसलेलं आणि त्याबाबतीत दाखवलेली दृष्टी. १९४० मध्ये आलेल्या पाकिस्तानवरच्या पुस्तकाची अर्पणपत्रिका रमाबाईंच्या स्मृतीला आहे. त्यात त्यांच्या स्वभावाचे विशेष एकेक करून सांगितले आहेत आणि मित्र नसलेल्या, ओढगस्तीच्या दिवसांचा उल्लेख आहे. ‘संसाराची जबाबदारी सांभाळून’ या आपल्या छापील वाक्याशेजारी ती अर्पणपत्रिका ठेवून पाहावी.

बाबासाहेबांचीच एक ऋणनोंद मात्र वाचकांपर्यंत फार उशिरा पोचली. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ मध्ये त्यांनी प्रस्तावना लिहिली होती. दुखण्यात आपल्याला जपून हे पुस्तक पुरं करू दिल्याबद्दल तिच्यात पत्नी सविता आणि डॉ. मालवणकर यांचं ऋण मानलेलं होतं. मुद्रितं तपासणाऱ्या म. भि. चिटणिसांचं नावही होतं. तेच आपल्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य चिटणीस. १९५७ मध्ये ग्रंथ छापून आला त्यात ही प्रस्तावना नव्हती. भगवान दास यांनी ती १९८० मध्ये प्रसिद्ध केली. या प्रकरणावर पुष्कळ लिहिलं-बोललं गेलं आहे, त्यात मी शिरत नाही. पण ऋणनिर्देशाला किंमत नसती, तर एवढ्याशा मजकुरासाठी लोक इतकी वर्षं बोलत राहिले नसते.

आता एक नियम सांगतो, जो संशोधक विद्यार्थ्यांना ठाऊक असतो आणि मार्गदर्शकांना ठाऊक नसावा असं वाटतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यासंबंधी जे विनियम काढले, त्यांनुसार प्रबंधातलं साम्य दहा टक्क्यांपर्यंत चालतं. त्यापुढे पायऱ्या आहेत, साठ टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण साम्य मोजताना काही भाग वगळायचे असतात. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश. म्हणजे साडेतीनशे पानांत उचलेगिरीला सरकारमान्य सूट असलेली जी मोजकी पानं आहेत, त्यात हे एक. सॉफ्टवेअर तिकडे पाहत नाही, म्हणून डीटीपीवाल्याची फाईल अजून चालते. आता ती मोबाईलवर फिरते, एवढाच फरक.

या पानाचा अभ्यास कुणी केलाच नाही असं नाही. केन हायलंड या भाषाशास्त्रज्ञाने हाँगकाँगच्या विद्यार्थ्यांचे एम.ए. आणि पीएच.डी.चे २४० प्रबंध घेऊन त्यातले ऋणनिर्देश तपासले आणि २००३ च्या लेखात या लेखनप्रकाराला सिंड्रेला म्हटलं. घरातली सगळी कामं करणारी, पण समारंभाला न बोलावलेली मुलगी. त्यांना त्यात तीन टप्पे सापडले. आधी थोडं मागे वळून पाहणं, मग आभार, मग जबाबदारी स्वीकारणं किंवा अर्पण करणं. आपल्याकडे पहिला आणि तिसरा टप्पा गळतो आणि मधला फुगतो. तोही पदांच्या उतरंडीने. संस्थेच्या अध्यक्षांचं नाव वगळायची हिंमत कुठल्या सहायक प्राध्यापकाने करावी? मीही केली नव्हती. ते नाव राहू द्या. पण अध्यक्षांनी दोन वर्षांची रजा मंजूर केली असेल तर ‘रजा मंजूर केली’ असं लिहा, ‘प्रेरणास्थान’ नको. पाठ्यवृत्तीचंही तसंच. बार्टी, सारथी किंवा महाज्योतीचे पैसे मिळाले असतील तर किती वर्षं मिळाले ते सांगायला लाज कसली.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो माहिती देणाऱ्यांवर. लोकसाहित्यावरचे, बोलींवरचे, शेतमजुरांवरचे प्रबंध ज्यांच्या ओट्यावर बसून लिहिले जातात, ती माणसं ‘परिसरातील ग्रामस्थ’ होऊन जातात. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव टिपून ठेवलं. लाखावर ओव्यांना जे जमलं ते चाळीस मुलाखतींना का जमू नये? (माणसाला नाव छापायला नको असेल तर अर्थात छापू नये. पण त्याला विचारलं तरी पाहिजे.)

या पुस्तिकेत तयार नमुने दिलेले नाहीत. ते दिले तर उद्या तीच नवी फाईल होईल. एक सूचना मात्र पुन्हा पुन्हा आली आहे, ती इथेच सांगून टाकतो. नोंदणीच्या दिवशी शंभरपानी वही घ्या आणि मागच्या पानापासून नावं लिहायला लागा. कोणी कुठलं पुस्तक दिलं, कोणत्या शिपायाने ग्रंथालय बंद व्हायच्या वेळी दहा मिनिटं जास्त बसू दिलं, कोणी चुकीचा तर्क दाखवला, कोणी मोटारसायकल दिली. चार-पाच वर्षांनी रेक्झिनच्या घाईत यातलं काहीही आठवत नाही. तेव्हा फक्त पदं आठवतात.

ही पुस्तिका लिहिताना माझी हस्तलिखित पानं मुलीने टाइप केली आणि ‘अमूल्य’ हा शब्द सात ठिकाणी सापडला म्हणून मला दाखवला. त्यातले पाच मी काढले. पितळखोऱ्याला दोनदा घेऊन गेलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याने पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. अर्पणपत्रिकेवर आक्काचं नाव चोवीस पॉइंटात आहे, मुद्रकाने ते फार मोठं होतंय असं दोनदा सांगूनही. चुका राहिल्या असतील त्या माझ्या.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्या प्रबंधातलं हे पान काढून पाहा, आणि ज्यांची नावं तिथे यायला हवी होती पण आली नाहीत, ती कामासकट एका कागदावर लिहून माझ्याकडे धाडा. पुढच्या आवृत्तीला त्यांची पुरवणी जोडायची आहे.

देवगाव रंगारी, ता. कन्नड